डबीतली गोळी आणि पोटातली गोळी

हा लेख वाचणाऱ्या कोणाला गेल्या तीन दिवसांत वापरलेली सुई टोचली असेल, कोणावर बळजबरी झाली असेल किंवा कंडोम फाटल्यामुळे मनात धास्ती बसली असेल, तर त्यांनी पुढचे सगळे नंतर वाचावे. आधी जवळचे जिल्हा रुग्णालय किंवा सरकारी मेडिकल कॉलेज गाठावे, अपघात विभागात जावे आणि ‘पेप सुरू करायचे आहे’ एवढे स्पष्ट सांगावे. रात्र असो की रविवार, उद्यावर ढकलू नये. ड्युटीवरच्या डॉक्टरांना हा शब्द ओळखीचा नसेल तर एचआयव्हीवर उपचार करणाऱ्या एआरटी सेंटरच्या डॉक्टरांना फोन लावायला सांगावे. १०९७ या मोफत हेल्पलाइनवरही जवळचे केंद्र कळते.

पेप म्हणजे एचआयव्ही शरीरात शिरल्याची शक्यता असताना, तो मुरण्याआधी घ्यायचे औषध. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅविर या तीन औषधांची गोळी, रोज एकदा, २८ दिवस. पहिला डोस दोन तासांत गेला तर उत्तम; ७२ तास उलटल्यावर सुरू करून उपयोग नाही असे मानतात. हे आकडे काही कोणी मनाने ठरवलेले नाहीत. सुई टोचलेल्या परिचारिकांपैकी अर्ध्यांना औषध द्यायचे आणि अर्ध्यांना मुद्दाम द्यायचे नाही, असा प्रयोग माणसांवर करता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञ माकडांकडे वळले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माकडांच्या शरीरात एचआयव्हीचा भाऊबंद असलेला विषाणू सोडला आणि वेगवेगळ्या अंतराने टेनोफोविर सुरू केले. २४ तासांत सुरू करून २८ दिवस दिले ती सगळी लागणीपासून वाचली. ४८ किंवा ७२ तासांनी सुरू केले तेव्हा काही वाचली, काही नाही. वेळेत सुरू करून दहाच दिवस दिले तेव्हा निम्मी वाचली, आणि तीनच दिवस दिले तेव्हा एकही पूर्णपणे वाचले नाही. माणसांचा पुरावा त्याच्या आदल्या वर्षी आला होता. सुई टोचलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा झिडोवुडिन घेतलेल्यांमध्ये लागणीचा धोका सुमारे ८१ टक्क्यांनी कमी दिसला.

म्हणून दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. सुरुवात उशिरा नको आणि शेवट लवकर नको. आठवडाभर काही झाले नाही म्हणून गोळ्या सोडणारे बरेच असतात. मळमळ होते, घरात कोणी विचारते, भीती ओसरते आणि डबी कपाटात मागे जाते. मळमळीवर औषध आहे. ते मागून घ्या, पण २८ दिवस पुरे करा.

सुई टोचल्यावर नेमके काय करायचे, हे रुग्णालयातल्या मावशी, वॉर्डबॉय आणि कचरा वेचणाऱ्या ताईंना कोणी नीट सांगत नाही, म्हणून इथे लिहितो. जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. पिळू नका, बोट तोंडात घालू नका, स्पिरिट किंवा डेटॉल ओतू नका. ज्याच्या रक्ताची सुई होती त्याचा रिपोर्ट येण्याची वाट पाहत बसू नका. तो निगेटिव्ह आला तर गोळ्या थांबवता येतात. एचआयव्ही असलेल्या माणसाची सुई टोचली तरी लागण होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास असते, तेव्हा घाबरून हातपाय गाळण्याचेही कारण नाही. २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्यानुसार अशा कर्मचाऱ्याला पेप पुरवणे ही संस्थेची जबाबदारी आहे. बळजबरी झालेल्या व्यक्तीला तर कोणतेही रुग्णालय, सरकारी असो की खासगी, मोफत उपचार नाकारू शकत नाही. पोलिसांत तक्रार आधी व्हायला हवी अशी अट नाही.

आता ज्यांना घाई नाही त्यांच्यासाठी.

एचआयव्ही रोखण्याच्या संशोधनाच्या बातम्या वर्तमानपत्रात येतात त्या टक्केवारी घेऊन येतात. अमुक औषध ४४ टक्के प्रभावी, तमुक ७५ टक्के, लस ३१ टक्के. वाचणारा ते परीक्षेच्या गुणांसारखे वाचतो, म्हणजे ४४ म्हणजे जेमतेम पास. प्रत्यक्षात त्या आकड्यात औषधाची ताकद आणि ते घेणाऱ्यांची वागणूक, दोन्ही कालवलेले असते. ती वेगळी कशी करायची हे एकदा कळले, की आपल्यासाठी काय उपयोगाचे हे ठरवणे सोपे जाते.

प्रेपचे उदाहरण घ्या. प्रेप म्हणजे लागण व्हायच्या आधीपासून, निगेटिव्ह माणसाने घ्यायची गोळी. २०१० साली आयप्रेक्स या चाचणीचा निकाल आला. पेरू, ब्राझील, दक्षिण आफ्रिका, थायलंड अशा देशांतले, पुरुषांशी संबंध ठेवणारे सुमारे अडीच हजार पुरुष आणि ट्रान्स स्त्रिया त्यात होत्या. टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिनच्या रोजच्या गोळीने लागण ४४ टक्क्यांनी घटली. मग संशोधकांनी रक्त तपासले. ज्यांच्या रक्तात औषध सापडले त्यांच्यात धोका ९० टक्क्यांहून अधिक घटला होता. सरासरी खाली खेचली होती ती गोळी न घेणाऱ्यांनी.

याहून बोलकी चाचणी आफ्रिकेतली व्हॉइस. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वे इथल्या पाच हजारांवर स्त्रियांना रोज गोळी किंवा जेल दिले. दर महिन्याला उरलेल्या गोळ्या मोजल्या जात, आणि त्या हिशोबाने दहापैकी जवळजवळ नऊ डोस घेतले जात होते. निकाल मात्र शून्य: औषधवाल्या गटात आणि खोट्या गोळीच्या गटात लागण सारखीच. रक्त तपासले तेव्हा एकतृतीयांशही नमुन्यांत औषध नव्हते. डबीतून गोळी गेली होती, पोटात गेली नव्हती. नंतर या स्त्रियांशी शांतपणे बोलल्यावर कारणे बाहेर आली. हीच गोळी पॉझिटिव्ह लोक घेतात, म्हणजे आपल्याकडे ती दिसली की लोक आपल्याला पॉझिटिव्ह समजणार. नवरा विचारणार, सासू विचारणार. निरोगी माणसाने रोज औषध का घ्यायचे, हेही कोणाला पटत नव्हते.

त्याच काळात केनिया आणि युगांडात हीच गोळी जोडप्यांतल्या निगेटिव्ह जोडीदारांना दिली होती. एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह आणि दोघांनाही हे ठाऊक. तिथे लागण ७५ टक्क्यांनी घटली, आणि रक्तात औषध असलेल्यांमध्ये त्याहून बरीच जास्त. गोळी बदलली नव्हती, ती लपवावी लागत नव्हती एवढेच. माझ्या मते या विषयात गेल्या पंधरा वर्षांत कळलेली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे, आणि ती कोणत्याही सूक्ष्मदर्शकाखाली सापडलेली नाही.

प्रेप घ्यावे का, असा प्रश्न तुमच्यापुढे असेल तर आधी एचआयव्हीची तपासणी करा. हे टाळू नका. लागण आधीच झालेली असेल तर प्रेपची दोन औषधे तिला पुरी पडत नाहीत आणि विषाणू त्यांना सरावतो. मग पुढच्या उपचाराला अडचण येते. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि कावीळ ‘बी’ची तपासणीही करून घ्या. त्यानंतर दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची तपासणी चालू ठेवायची. गोळ्या आपल्याकडच्या कंपन्या बनवतात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मेडिकलमध्ये मिळतात. सरकारी केंद्रात मोफत मिळतीलच असे धरून मात्र चालू नका, विचारून घ्या. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांसाठी फक्त गरजेपुरती घ्यायची एक पद्धतही फ्रान्स आणि कॅनडातल्या चाचणीत उपयोगी ठरली आहे: संबंधाआधी २ ते २४ तास दोन गोळ्या, मग २४ तासांनी एक, ४८ तासांनी एक. स्त्रियांनी ही पद्धत वापरू नये. योनीमार्गात औषध साठायला वेळ लागतो, म्हणून त्यांनी गोळी रोज घ्यायची. आणि घेण्याची जागा आधी ठरवा. डबी कुठे ठेवणार, घरात कोणाला सांगणार, कामावर शिफ्ट बदलली तर काय. हे प्रश्न किरकोळ वाटतात, पण व्हॉइस चाचणी याच प्रश्नांवर आपटली.

रोजच्या गोळीचा हा अनुभव घेऊनच संशोधक इंजेक्शनकडे गेले. कॅबोटेग्रॅविरचे इंजेक्शन सुरुवातीच्या दोन मासिक डोसांनंतर दर दोन महिन्यांनी घ्यायचे. आफ्रिकेतल्या स्त्रियांमध्ये त्याने रोजच्या गोळीच्या तुलनेत लागण जवळजवळ नव्वद टक्क्यांनी कमी केली. मग २०२४ साली लेनाकापाविरचा निकाल आला. वर्षातून दोनदा पोटावरच्या कातडीखाली इंजेक्शन, आणि सुरुवातीला दोन दिवस गोळ्या. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या ज्या २,१३४ तरुणींना आणि स्त्रियांना ते दिले, त्यांच्यापैकी एकीलाही लागण झाली नाही. रोजच्या गोळीच्या गटात १,०६८ जणींपैकी १६ जणींना झाली. तिथेही कारण तेच, गोळ्या घेतल्या जात नव्हत्या. पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि ट्रान्स व्यक्तींच्या दुसऱ्या चाचणीत इंजेक्शन घेतलेल्या २,१७९ जणांपैकी दोघांना लागण झाली. एचआयव्हीच्या प्रतिबंधात असे आकडे पूर्वी कोणी पाहिले नव्हते.

अमेरिकेत जून २०२५ मध्ये त्याला परवानगी मिळाली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने पुढच्याच महिन्यात शिफारस केली. अमेरिकेतली वर्षाची किंमत अठ्ठावीस हजार डॉलरच्या वर. मात्र कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या १२० देशांसाठी स्वस्त आवृत्ती बनवण्याचा परवाना सहा कंपन्यांना दिला गेला असून त्यांत पुण्याची एमक्युअर आणि हैदराबादच्या डॉ. रेड्डीज व हेटेरो आहेत. डॉ. रेड्डीज आणि हेटेरो यांची औषधे २०२७ पासून वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये देण्याचे करार सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. औषध आपल्या कारखान्यांत बनणार आहे. आपल्या दवाखान्यांत ते कधी आणि कोणाला मिळणार, हे सरकारच्या कार्यक्रमाने ठरवायचे आहे. तोपर्यंत ‘परदेशी एचआयव्ही इंजेक्शन’ म्हणून ऑनलाइन कोणी काही विकत असेल तर त्याच्या नादी लागू नका.

ज्या घरात एक जण पॉझिटिव्ह आहे, त्यांच्यासाठी सर्वांत मोठे संशोधन मात्र दुसरेच आहे, आणि त्यात पुण्याचा वाटा आहे. एचपीटीएन ०५२ नावाची चाचणी भारतासह नऊ देशांत झाली. भारतातली केंद्रे पुणे आणि चेन्नई इथे होती. १,७६३ जोडपी, प्रत्येकात एक पॉझिटिव्ह. अर्ध्यांना उपचार लगेच सुरू केले, अर्ध्यांना त्या वेळच्या नियमाप्रमाणे, प्रतिकारशक्ती उतरल्यावर. २०११ मध्ये निकाल पाहिला तेव्हा जोडीदाराकडूनच आलेली लागण २८ जणांना झालेली होती. त्यांतल्या २७ जणांचे जोडीदार उशिरा उपचाराच्या गटातले, फक्त एकाचा लवकर उपचाराच्या गटातला. पुढे युरोपातल्या पार्टनर या अभ्यासांत, विषाणू दबलेल्या व्यक्तीकडून कंडोमशिवाय झालेल्या एक लाखाहून अधिक संबंधांत जोडीदाराला लागण झाल्याचे एकही उदाहरण सापडले नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा. एआरटी सेंटरच्या गोळ्या नियमित घेणाऱ्या आणि ज्यांच्या रिपोर्टमध्ये विषाणू मोजता येण्याइतकाही उरलेला नाही, अशा व्यक्तीकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला एचआयव्ही जात नाही. ‘कमी जातो’ नव्हे, जात नाही. अशी जोडपी मूल होऊ देऊ शकतात. पण यात रिपोर्ट हा शब्द महत्त्वाचा. व्हायरल लोडची तपासणी उपचार सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, मग वर्ष पूर्ण झाल्यावर आणि पुढे दर वर्षी होते. सेंटरवर ती मोफत असते. मागचा आकडा काय होता, कधीचा होता, हे तोंडपाठ हवे. ‘गोळ्या चालू आहेत’ एवढ्यावर भिस्त ठेवू नका. ऊसतोडीला गेल्यावर, यात्रेत, दवाखान्याच्या वाऱ्या चुकल्यावर गोळ्यांत खंड पडतो आणि विषाणू पुन्हा वाढतो. बाहेरगावी जायचे असेल तर जास्त दिवसांच्या गोळ्या मागा किंवा तिकडच्या सेंटरवर कार्ड जोडून घ्या. आणि परमा, गर्मी यांसारख्या इतर गुप्तरोगांपासून या गोळ्या वाचवत नाहीत. तिथे कंडोमच. त्यासोबत खोबरेल तेल वापरू नका, रबर तेलाने फाटते. पाण्यावर आधारित जेल घ्या.

गरोदर स्त्रियांसाठी तर संशोधनाने तीस वर्षांपूर्वीच दार उघडले. १९९४ साली आलेल्या एका चाचणीत झिडोवुडिनमुळे बाळाला होणाऱ्या लागणीचे प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आले. नंतर पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजसह इथिओपिया आणि युगांडात झालेल्या चाचणीने दाखवले, की अंगावर पिणाऱ्या बाळाला नेव्हिरापिनचा एकच डोस देण्याऐवजी सहा आठवडे औषध दिले, तर सहा आठवड्यांच्या वयाला लागण निम्म्याहून कमी राहते. आता आईला आयुष्यभर पूर्ण उपचार आणि बाळाला जन्मापासून काही आठवडे औषध, अशी पद्धत आहे. आईने करायचे काम एवढेच, की गरोदरपणात पहिल्या तीन महिन्यांतच तपासणी करून घ्यायची.

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. डर्बनमधल्या, १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की नुसते आईचे दूध पिणाऱ्या बाळांपेक्षा आईच्या दुधासोबत वरचे काही मिळालेल्या बाळांना लागण अधिक होते. वरच्या खाण्याने आतड्याच्या नाजूक अस्तराला इजा होते, असे मानले जाते. तेव्हा पहिले सहा महिने बाळगुटी नाही, मध नाही, साखरेचे पाणी नाही, पाचवीला बोट चाटवणेही नाही. आजीला वाईट वाटेल, पण आजीला हे सुनेने सांगण्यापेक्षा नर्सबाईंनी सांगितलेले बरे. तशी विनंती करा. सहा आठवड्यांनी बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या ठिपक्यावर तपासणी होते. ती चुकवू नका, आणि अठरा महिन्यांची शेवटची तपासणीही नाही.

न चाललेल्या उपायांबद्दल थोडक्यात, कारण त्यांच्या अर्धवट बातम्या अजून फिरतात. नोनॉक्सिनॉल-९ हे शुक्रजंतू मारणारे रसायन एचआयव्हीलाही मारेल असे वाटले होते. २००० साली कळले की वारंवार वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये त्याने उलट धोका वाढवला. टेनोफोविरच्या जेलने २०१० मध्ये आशा दाखवली, पुढच्या मोठ्या चाचणीत ती टिकली नाही. सुंतेने पुरुषाला स्त्रीकडून होणारी लागण सुमारे ६० टक्क्यांनी घटते हे दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडात सिद्ध झाले, पण शिफारस आहे ती लागण खूप पसरलेल्या पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या देशांसाठी. सुंता झाली म्हणून कंडोम सोडणारा पुरुष स्वतःलाही फसवतो आणि जोडीदारालाही.

लशीची गोष्ट अधिक लांबची. अमेरिकेच्या आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांनी १९८४ मध्ये दोन वर्षांत लस चाचणीसाठी तयार होईल अशी आशा जाहीरपणे व्यक्त केली होती. २००९ मध्ये थायलंडच्या चाचणीने पहिल्यांदा काही संरक्षण दाखवले: सोळा हजारांवर लोकांत लस घेतलेल्या ५१ जणांना लागण, न घेतलेल्या ७४ जणांना. हेच ते ३१ टक्के. त्याच धर्तीची लस दक्षिण आफ्रिकेत वापरली, तेव्हा २०२० मध्ये चाचणी थांबवावी लागली. २०२१ आणि २०२३ मध्ये आणखी दोन मोठ्या चाचण्या निष्फळ ठरल्या. विषाणू इतक्या वेगाने रूप पालटतो, की एका रूपावर तयार केलेली प्रतिकारशक्ती दुसऱ्या रूपाला ओळखत नाही. पुण्यात भोसरीच्या नारी या एड्स संशोधन संस्थेतही २००५ मध्ये भारतातली पहिली एचआयव्ही लशीची चाचणी झाली होती. लस सुरक्षित ठरली, प्रतिकारशक्ती मात्र पुरेशी जागी झाली नाही. तेव्हा कोणी आज एचआयव्हीची लस देतो म्हणत असेल, तर तो खोटे बोलतो. एड्स बरा करतो अशी जाहिरात करणे तर आपल्याकडे औषध नियमांनुसार निषिद्धच आहे.

बातमी वाचताना चार प्रश्न विचारा. प्रयोग माणसांवर झाला की प्राण्यांवर? माणसांवर झाला तर कोणत्या: स्त्रिया, पुरुष, सुया वापरणारे? तुलना कशाशी केली, खोट्या गोळीशी की चालू औषधाशी? आणि औषध खरोखर घेतले गेले हे कसे तपासले, विचारून, मोजून की रक्तातून? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बातमीत बहुधा नसते, पण त्याशिवाय टक्केवारीला काही अर्थ नाही.

उद्या तुमच्या गावाजवळच अशी चाचणी सुरू झाली आणि तुम्हाला बोलावणे आले, तर लगेच नकार देऊ नका आणि लगेच सहीही करू नका. २००९ पासून भारतातल्या औषध चाचण्यांची सरकारी नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी क्रमांक मागा. संमतीपत्र मराठीत मागा आणि घरी नेऊन वाचा. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार ते त्यात लिहिलेले असावे. २०१९ च्या नियमांत तशी तरतूद आहे. मधेच बाहेर पडण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि त्याचा तुमच्या नेहमीच्या उपचारावर परिणाम होता कामा नये. चाचणी चालू असताना आम्हाला सध्या उपलब्ध असलेले कोणते संरक्षण मिळणार, हेही विचारा. आणि लशीची चाचणी असेल तर आणखी एक. लशीमुळे शरीरात प्रतिपिंडे तयार होतात आणि पुढे नेहमीच्या तपासणीत लागण नसतानाही ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते. नोकरीच्या किंवा परदेशी व्हिसाच्या मेडिकलमध्ये हे निघाले तर समजावणार कोण? म्हणून चाचणीत भाग घेतल्याचे लेखी पत्र आणि खरी लागण ओळखणारी वेगळी तपासणी पुढची वर्षानुवर्षे मोफत मिळेल याची हमी, दोन्ही सहीआधी हातात घ्या.